वाढत्या मापाचं धनुष्य

आमच्या घरात माझ्या मापाची म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. शाळेचा फ्रॉक घोट्याला लागायचा, म्हणून आई तो कमरेशी एकदा आणि खाली एकदा दुमडून टाके घालायची, आणि ती दुमड इतकी जाड व्हायची की वर्गात बसलं की खाली उशी घेतल्यासारखं वाटायचं. चपलेत पुढं कापसाचा बोळा. स्वेटरच्या बाह्यांत हात नेमका कुठं संपतो ते माझं मलाच चाचपून बघावं लागायचं. "वाढत्या अंगाची पोर हाय, जरा मोठंच दाखवा," हे आबा, म्हणजे माझे वडील, दुकानाची पायरी चढता चढताच सांगून टाकायचे. दुकानदार एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा आबांकडं बघायचा आणि मुकाट्यानं वरच्या फळीवरचा माल काढायचा. ही रीत काही आमच्याच घरातली नव्हती म्हणा. आमच्या भागात त्या काळी पोरांना मापाचा कपडा पहिल्यांदा मिळायचा तो लग्नात. पण बाकीची पोरं वर्षा-दोन वर्षांत त्या कपड्यांत मावायची, पुढं कपडेच त्यांना आखूड व्हायचे. माझा फ्रॉक विटायचा, विरायचा, फाटायचा, पण आखूड काही व्हायचा नाही.

मी सातमाशी. जन्मले तेव्हा माझं रडणं मांजराच्या पिल्लाएवढं होतं, असं आत्ती सांगायची. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण. तिचं सासर आमच्याच गल्लीत, त्यामुळं ती झोपायची तेवढी सासरी आणि बाकी दिवसभर आमच्याकडं. मला पिंजलेल्या कापसात गुंडाळून, सुपात घालून गोठ्यात ठेवलं होतं, कारण घरातली सगळ्यात उबदार जागा म्हशींच्या मधली. आबा कितीतरी दिवस त्या सुपाशेजारी पोत्यावर निजले. डॉक्टर म्हणाले होते, "पोरगी जगली हेच पुष्कळ झालं. अंगानं लहानच राहील, पण त्याची काळजी करू नका." आबांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं दवाखान्यातच ठेवून आले. गल्ली मला बारकी म्हणायची, शाळा बारकी म्हणायची, म्हशी सोडताना आईसुद्धा "बारके, दावं धर" म्हणायची. आज सत्तरीच्या घरात आले तरी ओट्याशी पाट घेऊन उभी राहते, आणि बँकेच्या खिडकीतला माणूस "कोण आहे?" म्हणत उठून बघतो. मला त्याचं काही वाटत नाही. तेव्हाही, खरं सांगायचं तर, माझं मला फारसं वाटायचं नाही. वाटायचं ते आबांचं. दिवाळीला नवे कपडे घालून मी उभी राहिले की ते लांब जाऊन बघायचे, मान तिरकी करून बघायचे आणि म्हणायचे, "औंदा नीट बसतंय की गं, गेल्या सालापेक्षा." आई तोंड फिरवायची. मी वाढावं म्हणून हा माणूस जिवाचं रान करतोय आणि मी काही केल्या वाढत नाही, एवढं मला कळायचं. अकरा वर्षांच्या पोरीच्या पोटात ही गोष्ट फार जड होती.

आमचं घर कळंब्यात, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. आता तिथं तळ्याच्या कडेनं संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात आणि माणसं मोबाईलवर सूर्यास्त टिपत उभी असतात. तेव्हा पहाटे तळ्यावरचं धुकं थेट गोठ्यापर्यंत यायचं आणि त्यात म्हशींची तोंडं तेवढी दिसायची, खालचं अंग नाहीच. साखळ्यांची खळखळ, चरवीत पडणाऱ्या धारेचा आधी पातळ आणि चरवी भरेल तसा घट्ट होत जाणारा आवाज, आईच्या भाकरी थापण्याची थपथप, आणि मधेच जवळच्या तुरुंगातल्या घंटेचा टोल. आत्ती म्हणायची, "चोरांच्या जिवावर आपल्याला येळ कळती बघ." न्याहारीला ताकातल्या कण्या, वर लसणाची फोडणी. दुपारी भाकरी, खर्डा आणि दही. म्हैस व्याली की खरवस, तो तर मला अजून स्वप्नात येतो, वेलदोड्याच्या वासासकट. संध्याकाळी आबा दोन म्हशी घेऊन चालत शहरात जायचे, दुधाच्या कट्ट्यावर. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला त्याच्या हातात द्यायचा, हा आमचा धंदा. घरी मात्र पहिला पेला माझा. दुधानं उंची वाढते, खारकेनं वाढते, नाचणीच्या आंबिलीनं वाढते, आढ्याला लोंबकळल्यानं वाढते. जो जे सांगेल ते आबा घरी घेऊन यायचे. लोंबकळून माझे हात लांब झाले असतील तर झाले असतील. बाकी मी होते तेवढीच.

दुपारी म्हशी तळ्यावर न्यायचं काम माझं. म्हशी एकदा पाण्यात बसल्या की त्यांना काही सांगावं लागत नाही. त्या डोळे मिटायच्या, मीही बांधावर अर्धे डोळे मिटून बसायचे. खालच्या माळावर मर्दानी खेळाचा आखाडा भरायचा. लाठ्यांचा खटखटाट, दांडपट्ट्याची सळसळ, आणि या सगळ्यावर वस्तादांचा आवाज. आखाडा शिकवणारे हे वस्ताद म्हणजे झुपकेदार मिशांचा, ओरडल्याशिवाय बोलता न येणारा माणूस. लाठी-पट्टा झाला की शेवटी ते दोन-चार पोरांच्या हातात धनुष्य द्यायचे. समोर केळीचा खुंट रोवलेला असायचा, त्यावर नेम. उन्हाळ्यात एक दिवस वस्ताद बांधाकडं बघून ओरडले, "काय गं बारके, रोज फुकटात बघतीस! ये हिकडं." आणि त्यांनी आखाड्यातलं एक जुनं, लहान धनुष्य माझ्या हातात दिलं. कसं धरायचं ते मला बघून बघून पाठच होतं. मी दोरी ओढली, ती गालाला लागली, आणि काय सांगू, सगळं एकदम गप झालं. पोरांचा आरडाओरडा, माळावरचा वारा, तळ्यातल्या म्हशी, सगळं कुठंतरी लांब गेलं आणि माझ्यासमोर केळीचा तो ओला पांढरा खुंट तेवढा राहिला. बोटं कधी सुटली कळलंच नाही. बाण खुंटात शिरल्याचा आवाज आला तेव्हा मी जागी झाले. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी पहिली हाक मला मारली.

त्या उन्हाळ्यापासून मी त्याच एका गुंगीत होते. शाळेत पाढे म्हणतानाही डाव्या हाताची मूठ आपोआप वळायची. पण भादव्याच्या सुमाराला त्या जुन्या धनुष्याला उभी चीर गेली. वस्तादांनी ते उन्हात धरून बघितलं आणि बाजूला टाकलं. "दसऱ्याला गावापुढं खेळ हाय," ते म्हणाले. "तुला घ्यायची म्हणतोय. पर धनुष्य ज्याचं त्यानं आणायचं, आणि दोरी कानापतूर ओढता आली पायजे. न्हाय जमलं तर बाकीच्यांचं बाण गोळा करायचं काम तुझं." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्याच्या हातून सुटलेले बाण गोळा करायचे, ही कल्पनाच मला सहन होईना.

"आबा, मला धनुष्य पायजे," सकाळी कण्यांचं ताट पुढं आल्यावर मी सांगून टाकलं.

"आता हे काय नवीन खूळ?" आई म्हणाली. "पोरीच्या जातीला धनुष्य!"

"घिऊ दे की," आत्ती म्हणाली. "पावणं बघायला आलं की सांगू, पोरगी नेम धरून हाय, बघा बाबा जपून."

आबा हसले नाहीत. ते माझ्या खांद्यांकडं बघत होते. "दोन्ही हात ताणायचं असत्यात न्हवं गं त्यात?"

"व्हय."

"आणि छाती, खांदं? तीबी ताणत्यात?"

"ताणत्यात की."

"मग तर लई झ्याक," आबा म्हणाले आणि त्यांचे डोळे असे उजळले, की आईनं आणखी एक पळी कण्या माझ्या ताटात वाढल्या. "ताणून ताणून हाडं मोकळी हुत्यात. आजऱ्याला जाऊ. तुझा मामा करतोय की धनुष्यं." मला नेम हवा होता आणि त्यांना माझी उंची. एकाच धनुष्यात दोन्ही कसं मावणार, याचा विचार मला तेव्हा सुचला नाही. मी आनंदानं कण्यांचं ताट चाटूनपुसून संपवलं.

आजरा माझं आजोळ. एसटीनं गडहिंग्लजला उतरायचं आणि गाडी बदलायची. त्या स्टँडवर अर्धी माणसं मराठीत भांडायची आणि अर्धी कानडीत, आणि गाडी आली की सगळी एकाच दारातून घुसायची. तिथून पुढं ऊस मागं पडतो, रस्ता वर चढायला लागतो, खिडकीतला वारा ओलसर होतो, आणि मग काजूच्या टरफलांचा तो जळका, तेलकट वास येतो. तो वास आला की मला अजून आईचं माहेर आल्यासारखं वाटतं. मामा आईचा धाकटा भाऊ. हसल्याशिवाय त्याचं एक वाक्य संपायचं नाही. काजूच्या बागेतली माकडं हाकायला म्हणून त्यानं धनुष्यं करायला सुरुवात केली, आणि पुढं त्याचाच त्याला नाद लागला. मामीनं घनसाळ भात केला होता, वर कुळथाची आमटी. तो भात शिजताना वास आधी अंगणात जातो, मग शेजाऱ्यांकडं जातो, आणि शेवटी आपल्या ताटात येतो. जेवून सगळे सुस्तावले. पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याच्या पावलांचा टकटक आवाज येत होता. मामानं चुलीवरच्या माळ्यावर धुरात मुरवत ठेवलेली धनुष्यं काढली, अंगणात घोंगडं अंथरलं आणि भरीव बांबूची ती धनुष्यं एका ओळीत मांडली. काही मधाच्या रंगाची, काही धुरानं काळपटलेली.

मामाची निवडायची एक रीत होती. दोरी कानापर्यंत ओढायची, तशीच धरून ठेवायची आणि आपलं पूर्ण नाव सांगायचं. आपलं, बापाचं, आडनाव, मग गाव. आवाज कापला की ते धनुष्य आपलं नव्हे. खाली ठेवायचं आणि दुसरं उचलायचं. परवा नातीला धनुष्य घ्यायला एका दुकानात गेले होते. तिथं ते काट्याला अडकवून दोरी ओढायला किती पौंडांचा जोर लागतो ते सांगतात, फार हुशार काम आहे. तरी मी आपली नातीला म्हणाले, "ओढ आणि नाव सांग." दुकानदाराला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

मी मधाच्या रंगाचं एक लहान धनुष्य उचललं. दोरी सहज कानाला आली. "शालन केरबा चौगुले, कळंबं," मी सांगितलं, आणि माझा आवाज पलीकडच्या बागेपर्यंत गेला.

"झालं!" मामा टाळी वाजवून म्हणाला. "हेच तुझं. बांधा घरला."

"थांबा," आबा म्हणाले. ते वाकून वाकून सगळी धनुष्यं बघत होते, बाजारात म्हैस बघतात तशी. ओळीतलं शेवटचं, सगळ्यात थोराड धनुष्य त्यांनी उचललं. "हे बघू."

"दाजी, ते माझ्या थोरल्या पोराचं माप हाय. सतरा वर्षांचा घोडा झालाय त्यो."

"मग? ही काय जन्मभर अकराचीच राहनार हाय व्हय?"

मी ते घेतलं. दोन्ही पाय रोवले, दात आवळले आणि ओढलं. दोरी हनुवटीपर्यंतसुद्धा आली नाही. "शा…" एवढंच तोंडातून निघालं आणि हात थरथरायला लागले.

मामा पोट धरून हसला. "दाजी, धनुष्य म्हंजे फ्रॉक न्हवं ओ, दुमडून टाकं घालायला!"

"दोन सालात वाढंल ती," आबा म्हणाले. ते हसत नव्हते. "बारकं घिऊन काय करू? परत यायचं काय हिकडं?"

मामाचं हसू हळूहळू ओसरलं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "तू सांग गं. तुला कंचं पायजे?"

मला ते लहान धनुष्य इतकं हवं होतं, की घोंगड्यावर पडलेल्या त्याच्यावरून माझी नजर निघेना. पण आबा माझ्याकडं बघत होते. दिवाळीला लांब जाऊन, मान तिरकी करून बघतात ना, अगदी तसे. "लहान द्या" असं म्हणणं म्हणजे त्यांना तोंडावर सांगणं, की आबा, मी काही वाढत नाही, तुम्ही उगीच वाट बघताय. ते माझ्यानं होईना. "मोठंच द्या मामा," मी म्हणाले. "मी वाढतो की." (आमच्याकडं पोरीबाळीही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, तेव्हा हसू नका.) आबांनी ते धनुष्य छातीशी धरलं. निघताना मामा एसटीच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "दाजी, जडच वाटलं तर पोटाच्या, म्हंजे आतल्या अंगानं तासा. पाठीला हात लावू नगासा. पर एकदा तासलं की तासलं, परत काय ते जाड हुईत न्हाय." आबा म्हणाले, "तासायला कशाला लागतंय?" आणि गाडी सुटली.

मग सुरू झाले माझे हाल. रोज दुपारी म्हशी पाण्यात बसल्या की मी माळावर जायचे आणि त्या थोराड लाकडाशी झोंबायचे. दोरी अर्ध्यावर यायची आणि तिथंच माझा जीव संपायचा. बाण खुंटाच्या अलीकडंच लोळण घ्यायचा. पण त्यापेक्षा वाईट होतं ते वेगळंच. दोरी ओढल्यावर पूर्वी जे सगळं गप व्हायचं, ते आता होईना. आता फक्त खांद्यातली कळ, दातांचा करकर आवाज आणि पोरांचं फिदीफिदी हसणं. मला झालेला सगळा आनंद कुणीतरी काढून घेतला असं वाटायचं. दोरी सुटताना डाव्या हातावर फटका बसायचा, तिथं आधी लाल, मग निळं, मग पिवळट वळ उठले. ते झाकायला स्वेटरच्या लांब बाह्या कामाला आल्या; त्या ढगळ स्वेटरचे मी तेवढ्यासाठी आभार मानले. घरी आबा विचारायचे, "कसं काय? ताणतंय का?" मी म्हणायचे, "लई ताणतंय." ते खूश होऊन आणखी एक खारीक माझ्या हातावर ठेवायचे. मी ती चावत गोठ्यात जाऊन बसायचे आणि डोळे पुसायचे. दसरा जवळ येत होता, आणि वस्तादांनी एक दिवस माझ्या हातात बाकीच्यांच्या बाणांचा भाता दिला. मी तो घेतला आणि खुंटामागं जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आबा म्हशी धुवायला स्वतः तळ्यावर आले होते. वस्ताद माळावरूनच ओरडत आले. "केरबा! बाहीर ये जरा पाण्यातनं." आबा धोतर खोचलेलेच वर आले. वस्तादांनी मला जवळ ओढलं आणि माझी बाही कोपरापर्यंत वर सारली. "बघ," ते म्हणाले. आबांनी बघितलं. त्यांच्या हातातला घासायचा काथ्या तसाच ठिबकत होता.

"तुझ्या पोरीला नेम हाय, केरबा. असा नेम माझ्या आखाड्यात दुसऱ्या कुणाला न्हाय," वस्ताद म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "पर तू असलं दांडगं लाकूड तिच्या गळ्यात घातलंस, खांदा निखळंल एक दिस."

"वाढंल की ती, वस्ताद."

"वाढंल तवा वाढंल. दसरा त्याच्या आधी हाय."

म्हशी पुढं घालून आबा घरी निघाले आणि मी मागून. वाटेत त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. आता धनुष्यही गेलं आणि आबाही रागावले. त्या संध्याकाळी कट्ट्यावरून परत आल्यावर ते जेवले, हात धुतला आणि पडून राहिले. आई मला खुणेनं विचारत होती, काय झालं. मी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर आबा गोठ्यात पोतं टाकून बसले होते. मांडीवर धनुष्य आडवं, हातात बाटलीची फुटलेली काच. बाहेर सरत्या भाद्रपदातलं पिवळं ऊन होतं, पत्र्याच्या फटीतून त्याच्या पट्ट्या म्हशींच्या पाठींवर पडल्या होत्या, आणि सगळा गोठा रवंथ करत होता. आबांनी धनुष्याच्या पोटावर काच टेकवली आणि तशीच धरून राहिले. मला वाटलं त्यांना झोप लागली. मग त्यांनी ती ओढली, साय काढावी तशी हलक्या हातानं, आणि बांबूची एक पातळ साल वळून खाली पडली.

"धर," ते म्हणाले. दोरी चढवून त्यांनी धनुष्य माझ्या हातात दिलं. "वढ. नाव सांग."

"शा… शालन…" माझा आवाज तुटला.

"आण हिकडं."

पुन्हा काच, पुन्हा ती सरसर. वर थोडं, खाली थोडं. आई दारात येऊन उभी राहिली. "आवं, मोडंल की ते!" ती म्हणाली. "मोडलं तर दुसरं आणू," आबा म्हणाले. "जा, तू भाकरी बघ." पण आई गेली नाही, तिथंच चौकटीला टेकून बसली. साली पोत्यावर साठत गेल्या. मी ओढायचे, आबा माझ्या चेहऱ्याकडं बघायचे. हाताकडं नव्हे, दोरीकडं नव्हे, चेहऱ्याकडं. दर वेळी ते धनुष्य परत घेताना त्यांचा हात जरा रेंगाळायचा, आणि मला कळत होतं, की प्रत्येक सालीबरोबर ते काहीतरी सोडून देत आहेत जे परत जोडता येणार नाही. मला सांगावंसं वाटत होतं, आबा, राहू द्या, मी ओढते तसंच. पण दोरी दर वेळी आणखी जवळ येत होती, आणि माझ्या खांद्याला ती हवी होती. काय करू?

"वढ."

मी ओढलं. दोरी गालावरून सरकत कानाशी आली आणि सगळं गप झालं. म्हशींचं रवंथ, आईच्या बांगड्या, सगळं लांब गेलं. "शालन केरबा चौगुले," मी म्हणाले, "कळंबं." आवाज जराही हलला नाही.

"परत सांग."

मी परत सांगितलं. आबांनी काच खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. मी घाबरले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. आई उठून आली, तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं, आणि आबा म्हणाले, "काच उडाली गं डोळ्यात." आईनं बरं म्हटलं.

खरं तर कट्ट्यावर जायची वेळ झाली होती. तुरुंगाचा टोल पडला, म्हशी कान टवकारून उठल्या, आणि आबा म्हणाले, "चल, बघू तर कसं काय ते." म्हशी दावणीला तशाच ठेवून आम्ही दोघं तळ्यावर गेलो. आखाडा सुटला होता, माळावर कुणी नव्हतं. पाणी अगदी निवांत होतं आणि त्यावर ढगांचे गुलाबी तुकडे पडले होते. केळीचा खुंट तिथंच उभा होता, पण मी मुद्दामच त्याच्याकडं बघितलं नाही. मला नुसतं सोडायचं होतं. मी दोरी कानापर्यंत ओढली आणि बाण वर सोडला. तो गेला, गेला, उन्हात एकदा चमकला, आणि पार पलीकडं गवतात जाऊन पडला. इतक्या लांब माझ्या हातून कधी काही गेलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. आणि बघते तर आबा पळत सुटलेले! पोट सुटलेला, चाळिशी उलटलेला माणूस धोतराचा सोगा हातात धरून माळावरून धावत होता. गवतात वाकून त्यांनी बाण शोधला, वर धरून मला दाखवला आणि तसेच पळत परत आले.

"परत मार," ते धापा टाकत म्हणाले.

मी मारला. ते पळाले. परत आणला, परत मारला. किती वेळ असं चाललं होतं कुणास ठाऊक. गावात आमच्या म्हशी रेकत असलेल्या ऐकू येत होत्या, कट्ट्यावर गिऱ्हाइकं रिकामे पेले घेऊन ताटकळली असतील, पण आबांना त्याचं काही नव्हतं. ते घामानं निथळत होते आणि हसत होते. एकदा बाण माझ्या हातात देताना ते गुडघ्यांवर हात टेकून वाकले, दम खायला, आणि त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या समोर आला. इतकी वर्षं जे विचारायची माझी छाती झाली नव्हती ते मी त्याच क्षणी विचारून टाकलं.

"आबा, मी वाढलोच न्हाय तर?"

आबांनी कपाळावरचा घाम हातानं निपटून टाकला. ते माझ्याकडं बघत होते, मान सरळ ठेवून, अगदी जवळून.

"न्हाय तर न्हाय," ते म्हणाले. "तू मार गं. मी हाय की आणायला."